पुनाजी पडदा

पुनाजी कुमऱ्याला हॉकी नीट येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. चेंडू त्याच्या काठीवर दोन पावलंसुद्धा टिकत नसे. तरी हिंगणघाटच्या आमच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या संघात तो तीन वर्षं खेळला, आणि त्या तीन वर्षांत आम्ही जेवढे गोल केले त्यातले निम्मे त्याच्यामुळे झाले. फॅक्टरीतले लोक त्याला पुनाजी पडदा म्हणायचे. हसून म्हणायचे, आणि तोही हसायचा, तोंडावर हात ठेवून.

तो समुद्रपूरच्या पलीकडचा, गिरडच्या अलीकडल्या एका गोंड वस्तीतला. दिवाळी झाली की बायकोला, धुरपताला, घेऊन फॅक्टरीत यायचा. ती कापसातला कचरा वेचायची आणि हा प्रेसमधल्या रुईच्या गाठी वाहायचा. एका गाठीला दोन माणसं लागत. पुनाजी आकडा लावून एकटा पाठीवर घ्यायचा. मे महिन्यात हंगाम संपला की दोघं गावाकडे परत. आपसात गोंडी बोलायचे, आमच्याशी आमच्यासारखंच.

मी वजनकाट्यावर कारकून होतो, कापसाच्या बैलबंड्या तोलायचो. मॅट्रिक झालेला, तेवीस वर्षांचा, आणि संघात सगळ्यात जोरात चेंडू मारणारा. आमचे कप्तान पुंडलिकराव, फॅक्टरीचे हेडक्लार्क. नागपूरला कॉलेजात खेळून आलेले. पुनाजीला पडदा करायची युक्ती त्यांचीच.

आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की एक जण गोलरेषेवरून चेंडू बाहेर टाकायचा, दुसरा तो हातानं थांबवायचा आणि मी मारायचो. त्या वेळी गोलात गोलकीपर आणि त्याच्या बाजूला दोन बॅक उभे असत, त्यामुळे आमचा गडी गोलाजवळ गेला तरी ऑफसाइड होत नसे. पुंडलिकरावांनी याचा फायदा घेतला. चेंडू बाहेर पडला की पुनाजीनं धावत जायचं आणि गोलकीपरच्या पुढ्यात, हातभर अंतरावर उभं राहायचं. गोलकीपर डावीकडे सरकला की यानंही डावीकडे, तो उजवीकडे की हाही उजवीकडे.

"तोंड त्याच्याकडं करू नको," पुंडलिकराव शिकवायचे. "पाठ दे त्याले. अंपायरले वाटलं पाह्यजे का हा बिचारा चेंडूची वाट पाहून राह्यला. अन् काठीचा आवाज आला का झटकन बाजूले हो."

असं आडवं उभं राहणं नियमात बसत नव्हतं. ते पुंडलिकरावांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण आमच्या भागातले अंपायर म्हणजे शाळेतले मास्तर. त्यांची नजर चेंडूवर. क्वचितच कोणी शिट्टी वाजवायचा.

गोलकीपर मग काय करणार? शिव्या देत. पाठीत ढोपर घालत. काठीच्या टोकानं पोटरीवर हाणत. रविवारी सामना झाला की सोमवारी पुनाजीच्या पोटऱ्या निळ्या असायच्या आणि धुरपता हळद-तेल लावत विचारायची, "हा कोणता खेळ हाय जी?"

एकदा काट्याजवळ तो माझ्यापाशी आला. मग म्हणाला, "बाबू, हे असं उभं राहनं बरोबर हाय का?"

"शिट्टी वाजली का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग बरोबर हाय."

त्यानं मान हलवली आणि गेला. शिकलेल्या माणसाच्या बोलण्यावर त्याचा फार विश्वास.

चोपन्न साली फेब्रुवारीत वणा नदीकडच्या मैदानावर स्पर्धा झाली. शेवटचा सामना आमचा आणि वडनेरचा. वडनेरचा संघ म्हणजे शेतकऱ्यांची पोरं. अर्ध्यांच्या पायात काही नव्हतं, काठ्या दोरीनं बांधलेल्या. पण त्यांचा गोलकीपर चंद्रभान असा होता की वर्ध्यापर्यंत त्याचं नाव होतं. बावीस वर्षांचा, उंच, सडपातळ. हिंगणघाट-वडनेर मोटरीवर तो गाडी चालवायला शिकला होता आणि महिन्याभरात त्याला ड्रायव्हरचा परवाना मिळायचा होता. पायाला बांधायची पॅडं त्याच्या आईनं, भागीरथाबाईनं, गोणपाटात कापूस भरून शिवून दिली होती.

अर्ध्या वेळापर्यंत मी चार वेळा मारलं आणि चारही वेळा त्यानं अडवलं. एकदा तर आडवा झेपावून पायानं. आमच्या फॅक्टरीचे लोकसुद्धा टाळ्या वाजवू लागले. पुंडलिकराव लालबुंद झाले. पुनाजीला म्हणाले, "आज जरा चिटकून उभा राह्य."

दुसऱ्या अर्ध्यात, दहाएक मिनिटं उरली असताना आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू बाहेर पडला, पुनाजी धावला आणि पाठ करून उभा राहिला. मी चेंडूवर आलो. गोलासमोर पुनाजीची रुंद छाती होती, तिच्यावर त्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याच्या वर एक हात. चंद्रभाननं अंपायरला दाखवायला हात वर केला होता. काहीतरी बोलतही होता. मला ऐकू आलं नाही, पण पुनाजीचा चेहरा बदललेला मला दिसला.

हे सगळं क्षणभराचं. मी मारलं.

मी खालूनच मारलं होतं. जमीन उखणलेली होती, चेंडू ढेकळावर आपटून उठला. काठीचा आवाज ऐकताच पुनाजी शिकवल्याप्रमाणे बाजूला झाला आणि चेंडू चंद्रभानच्या डाव्या डोळ्यावर बसला. चेंडू तिथंच खाली पडला, आमच्या एका गड्यानं तो आत ढकलला. शिट्टी झाली. अंपायरनं मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

मी दोन्ही हात वर करून उडी मारली. खोटं कशाला सांगू, मारलीच. उडी मारून खाली आलो तेव्हा दिसलं की चंद्रभान गुडघ्यांवर बसलाय, दोन्ही हातांनी तोंड झाकलंय आणि बोटांतून रक्त येतंय. पुनाजी त्याच्यावर वाकला होता. वडनेरच्या पोरांनी त्याला ढकलून दिलं, चंद्रभानच्या डोक्याला धोतर गुंडाळलं आणि त्याला उचलून नेलं.

सामना आम्ही एका गोलानं जिंकला. संध्याकाळी फॅक्टरीत पेढे वाटले. पुनाजी आला नाही.

चंद्रभानला नागपूरला नेलं. आठवड्यानं मोटरीच्या ड्रायव्हरकडून कळलं की डोळा काढून टाकावा लागला. पुंडलिकराव म्हणाले, "खेळात लागते. कोनी मुद्दाम मारलं थोडंच?" मीही तेच म्हणालो. चार लोकांत म्हणालो, मग घरी आईलाही म्हणालो. तिनं काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर प्रेस बंद असेल त्या दिवशी पुनाजी सकाळीच कुठंतरी जाऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, "सोयऱ्याकडं." तो कुठं जात होता आणि तिथं काय घडलं, हे मला चार वर्षांनी कळलं. काही धुरपतानं सांगितलं, काही खुद्द चंद्रभाननं. पण घडलं तसं, क्रमानंच सांगतो.

पुनाजी वडनेरला जात होता. पहिल्या दिवशी विचारत विचारत घर शोधलं आणि आंगणात उभा राहिला. भागीरथाबाईंनी विचारलं, कोण? हा म्हणाला, "हिंगणघाटचा. त्या दिवशी मैदानावर होतो. कसं काय हाय, पाह्याले आलो." यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाईंनी बाज टाकली, चहा केला.

चंद्रभान आत बसला होता, डोळ्यावर पट्टी. त्यानं पुनाजीकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. ओळखणार कसा? सामन्यात त्यानं पुनाजीचं तोंड पाहिलंच नव्हतं. नंतर पुनाजी वाकला तेव्हा चंद्रभानचे दोन्ही डोळे रक्तानं भरलेले. संघातली बाकीची पोरं दिवसा शेतावर असत.

पुनाजी सांगणार होता. सांगायलाच गेला होता, असं धुरपता म्हणते. पण बाईंनी चहाची कपबशी हातात दिली आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हणून उठला. पुढच्या खेपेलाही नाही सांगितलं.

असा तो तीन महिने गेला. कधी छपरावरची फुटकी कवेलू बदलायचा, कधी लाकडं फोडून द्यायचा. गावाकडून कोणी आलं तर चारोळ्या यायच्या, त्या घेऊन जायचा. चंद्रभाननं घराबाहेर पडणं सोडलं होतं. परवान्याचं संपलंच होतं. एका डोळ्याच्या माणसाला मोटर कोण देणार? गावातले लोक यायचे, हळहळायचे, कसं लागलं ते पुन्हा पुन्हा विचारायचे. पुनाजी काहीच विचारायचा नाही, म्हणून चंद्रभानला तोच बरा वाटायचा.

एक डोळा गेला की अंतराचा अंदाज जातो. चंद्रभान पाणी ओतायला जायचा, ते पेल्याच्या बाहेर पडायचं. पायरी चुकायची. मग तो चिडून पेला फेकायचा. पुनाजीनं एक दिवस आंगणात मडकं ठेवलं, पाच पावलांवर चंद्रभानला बसवलं आणि हातात खडे दिले.

"टाक त्याच्यात."

"कायले?"

"टाक तर खरं. आमच्या इकडं एका डोळ्याचा म्हातारा होता. चालत्या सशाले दगड मारे."

"खरंच?"

"मी पाह्यलं ना."

पहिल्या दिवशी एकही खडा पडला नाही. उन्हाळा लागेपर्यंत दहातले सात पडू लागले. पाणी पेल्यात पडू लागलं. चंद्रभान विहिरीपर्यंत जाऊ लागला, मग पारापर्यंत. भागीरथाबाई शेजारणींना सांगायच्या, "देवानं एक पोरगा अर्धा केला, तं दुसरा आनून देल्ला." पुनाजी हे ऐकून घरी यायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

मे महिन्यात, हंगाम संपायच्या आठवड्यात, तो निरोप घ्यायला गेला. दुपारी वावटळ उठली. आंगणात तुरीचं पोतं होतं; पुनाजीनं ते उचललं आणि दारातून आत आणलं. आत अंधार, दार अरुंद. पोतं कोपऱ्यात उतरवून तो पुन्हा दाराकडे वळला आणि उंबऱ्यावर उभा राहून वावटळ पाहू लागला. चंद्रभान मागे बाजेवर बसला होता. त्याला बाहेर पाहायचं होतं. तो डावीकडे झुकला. पुनाजीही त्याच वेळी सहज डावीकडे झाला. चंद्रभान उजवीकडे झुकला.

"सरक ना भाऊ," चंद्रभान म्हणाला, "मले दिसून नाई राह्यलं."

पुनाजी हलला नाही. त्याचे पायच चालेनात, असं त्यानं नंतर धुरपताला सांगितलं. मैदानावरही चंद्रभान हेच बोलला होता. याच शब्दांत, शिवी न देता, भाऊ म्हणून.

चंद्रभान बाजेवरून उठला. त्यानं त्या पाठीकडे पाहिलं.

"तू होता," तो म्हणाला.

"हो."

"पलट इकडं."

पुनाजी वळला.

"तुले ऐकू आलतं का? मैदानावर? मी बोललो ते?"

लोक ओरडत होते, वारा होता, काही ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. चंद्रभाननं नंतर मला सांगितलं, त्यानं तसं म्हणावं असंच आपल्याला वाटत होतं. हा नाही म्हणेल आणि सुटेल, आणि आपणही सुटू, याची तो वाट पाहत होता.

"आलतं," पुनाजी म्हणाला.

"मंग काऊन नाई सरकला?"

"आवाज आल्याबिगर सरकाचं नाई, असं सांगतलं होतं."

"अन् मारला कोनं?"

पुनाजीनं मान खाली घातली. "ते नाई मालूम."

"तुह्यं तोंड तिकडंच होतं."

"नाई मालूम."

चंद्रभान म्हणाला, "जाय. पुन्हा या घरी पाय ठेवू नको."

भागीरथाबाई पाण्याची घागर घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना काही कळेना. पुनाजी त्यांच्या पायाशी वाकला आणि त्या वावटळीतच चालू लागला. मोटरीची वाट पाहिली नाही. हिंगणघाटपर्यंत पायी आला.

पुढच्या दिवाळीनंतर तो पुन्हा कामावर आला, पण वडनेरकडे गेला नाही. फेब्रुवारीत स्पर्धा आली. पहिल्याच सामन्यात आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पुंडलिकरावांनी खूण केली. पुनाजी गोलाजवळ गेलाच नाही. पंचवीस यार्डांच्या रेषेवर काठी जमिनीला टेकवून उभा राहिला.

"अबे, जा ना!" पुंडलिकराव ओरडले.

"मी नाई उभा राहत."

"काऊन?"

"त्याले दिसलं पाह्यजे."

सगळे हसले. मी मारलेला चेंडू गोलकीपरनं अडवला. आम्ही तो सामना हरलो. त्याच संध्याकाळी पुंडलिकरावांनी पुनाजीला संघातून काढलं, आणि पुढल्या हंगामात तो आणि धुरपता फाटकावर आले तेव्हा सांगण्यात आलं की यंदा माणसं भरली. मी काट्यावर बसलो होतो. फाटक तिथून वीस हात. पुनाजीनं माझ्याकडे पाहिलं, हात जोडले, मीही जोडले. एका बंडीचं वजन चाललं होतं. वजन होऊन मान वर केली तोवर ते गेले होते.

अठ्ठावन्न साली फॅक्टरीच्या कामानं समुद्रपूरला गेलो होतो. बाजाराचा दिवस. मोटर थांबते तिथं एक बाई मोहाची फुलं घेऊन बसली होती. तिनंच हाक मारली, "बाबू!" धुरपता होती. कपाळ मोकळं. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मांगच्या पान्यात गेला. हिवताप आलता." जंगलाच्या कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकडं तोडायच्या कामावर होता, तिथंच ताप भरला. दवाखान्यात आणेपर्यंत संपला.

मी तिच्या शेजारी बसलो. तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं; वडनेर, मडकं, खडे, वावटळ. सांगताना रडली नाही. फुलांवरच्या माश्या हाकलत सांगत होती.

"मी म्हणलं, बाबूचं नाव काऊन नाई घेतलं?" ती म्हणाली. "तं म्हने, बाबूले कुठं दिसत होता तो? त्याच्या अन् बाबूच्या मधात मी उभा होतो. बाबूचा काय दोष?"

मला दिसत होतं. वर केलेला हात मला दिसला होता, आणि पुनाजीचा बदललेला चेहराही. काठी खाली ठेवायला वेळ होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पुनाजीला तर नाहीच, आणि तो मला निर्दोष ठरवून गेला होता.

समुद्रपूरहून मी हिंगणघाटला आलो, पण घरी न जाता वडनेरची मोटर धरली. चंद्रभाननं पाराजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पंक्चर काढत होता. एक डोळा मिटलेला, त्यावरची कातडी आत गेलेली. मी माझं नाव सांगितलं, कुठला ते सांगितलं. मग म्हणालो, "चेंडू मी मारला होता."

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, खूण केली. "बरं," म्हणाला. आणि मग, "तो कसा हाय? पुनाजी?"

"गेला. मागच्या पावसाळ्यात."

ट्यूब त्याच्या हातातून सुटली.

"मी गेलतो तुमच्या फाटकावर," तो म्हणाला. "दोन सालं झाली. त्याले बोलवाले. चपराशी म्हने, असा कोनी मानूस इथं नाई."

"बोलवायला?"

"माय रोज बोलत होती. पोरगं खरं बोललं म्हनून तू त्याले हाकललं, म्हने. लबाड बोलला असता तं आजही येत राह्यला असता." त्यानं हात फडक्याला पुसले. "गाव कोनतं त्याचं, ते बी मी कधी विचारलं नव्हतं. तीन महिने आला घरी. बाजेवर बसला, जेवला. अन् मी गाव नाई विचारलं."

मी गाव सांगितलं. गिरडच्या रस्त्यावर कुठं उतरायचं, तिथून पायवाट कशी जाते, जेवढं धुरपतानं सांगितलं होतं तेवढं सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं. घरी चला म्हणाला नाही, पण शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. मी तो पीत असताना त्या वावटळीच्या दुपारचं त्यानं सगळं सांगितलं.

पुढे कळलं की त्याच आठवड्यात तो आणि भागीरथाबाई धुरपताकडे जाऊन आले. तिला ज्वारीचं पोतं नेऊन दिलं. म्हातारी तिथं चार दिवस राहिली. नंतरही त्यांचं जाणंयेणं होतं.

माझ्याशी चंद्रभान वाईट बोलला नाही. एक शब्द वाकडा नाही. मोटर आली तेव्हा तो उठून रस्त्यापर्यंत आला, मोटर थांबवायला हात केला, मला चढू दिलं. फक्त आमच्याकडे माणूस निघताना "येजो", म्हणजे पुन्हा ये, म्हणतात, ते तो म्हणाला नाही. मीही पुन्हा वडनेरला गेलो नाही.